राहिलेला निकाल

“आता तुम्ही ह्यांचं कौतुक करा,” मी मोठ्या डॉक्टरांना म्हणालो. “आणि बाई, तुम्ही ह्यांचं.”

दोघंही माझ्याकडं बघतच राहिले. डॉ. मेहेंदळे म्हणजे कवटी उघडून मेंदूची शस्त्रक्रिया करणारे, पुण्यातले नावाजलेले सर्जन. डॉ. रुबिना मुजावर म्हणजे कवटीला हातही न लावता, जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून तेच काम करणाऱ्या. वयानं सरांपेक्षा पुष्कळ लहान, माहेरच्या आमच्या सांगलीकडच्याच. अर्धा तास दोघांनी आपापली रीत मला समजावून सांगितली होती. ते बोलले की त्यांचं पटायचं आणि ह्या बोलल्या की ह्यांचं. शेजारी माझी बायको शालन बसली होती. तिनं मला कोपरानं ढोसलं.

“अवो, डॉक्टर हायती ती. पैलवान न्हवं.”

“असू देत की,” मी म्हणालो. “जोड तर लागलीय न्हवं?”

मी हिंदुराव साळुंखे, मुक्काम हिवरगाव, कुस्तीच्या मैदानाचा निवेदक. लाल मातीत पैलवान उतरले, हलगी कडाडली, की माईकवरून जो माणूस त्यांचं गाव, बाप, वस्ताद, आवडता डाव सगळं तोंडपाठ सांगतो, तो मी. घरात माझं कुणी ऐकत नाही, पण मैदानात दहा-दहा हजार माणूस गप बसवलंय मी. आमच्या कामाचा एकच नेम. कुस्ती लागायच्या आधी दोन्ही पैलवानांचं कौतुक सारख्याच आवाजात करायचं. एकाचं चढ्या आवाजात आणि दुसऱ्याचं पडेल आवाजात केलं, तर लोक निवेदकाला मैदानातनं उठवतात. डॉक्टरांना मी तेच सांगितलं.

“तुम्ही तुमचं बोललात, बरं बोललात. पण समोरच्यात काय जोर आहे ते सांगा, म्हणजे मला जोड कळंल.”

मेहेंदळे हसले. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि खरंच विचार करायला लागले.

माझं दुखणं काय होतं ते सांगतो. लुनावरनं येताना आडवं कुत्रं आलं, पडलो, डोक्याला खोक पडली. डोक्याचा फोटो काढला. आत मार काही लागला नव्हता, पण दुसरंच निघालं. मेंदूच्या डाव्या बाजूला एका धमनीला जिथं दोन फाटे फुटतात, तिथं तिला फुगा आला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. फुटला नव्हता. दुखत नव्हता, खुपत नव्हता. कदाचित जन्मभर तसाच राहिला असता, आणि कदाचित उद्या सकाळी तोंड धुताना फुटून मी जागेवर आडवा झालो असतो. शालनचं म्हणणं साधं होतं, झोपलेल्या सापाला कशाला डिवचायचं? आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. कारण फुगा होता त्याच्या अंगालाच वाचेची जागा होती. जीव गेला तर गेला, पण वाचा जाऊन जीव राहिला तर हिंदुराव साळुंख्यानं करायचं काय? म्हसरं राखायची?

“डॉ. मुजावरांची रीत,” मेहेंदळ्यांनी सुरुवात केली, “शरीराला सोसायला सोपी. कवटी उघडायची नाही, मेंदूला हात लावायचा नाही. नळीतून तारेचं वेटोळं फुग्यात भरायचं, रक्त आत जायचं थांबतं. दोन-तीन दिवसांत माणूस घरी. सुरुवातीचा धोका माझ्यापेक्षा त्यांच्या हाती थोडा कमीच. तुमच्यासारख्या शंभर जणांवर मी शस्त्रक्रिया केली, तर पाच-सहा जणांना काहीतरी व्यंग राहून जाईल. हात लुळा, बोलण्यात अडथळा. त्यांच्याकडे त्याहून एक-दोन कमी. हे मी मनापासून सांगतोय.”

“आता बाई,” मी म्हणालो.

मुजावर डॉक्टर पडद्यावरच्या चित्राजवळ गेल्या. “सरांची रीत म्हणजे बाहेरून फुग्याच्या मानेवर चिमटा बसवायचा. एकदा बसला की बसला. माझी तार कधीकधी दबते, फुगा परत भरायला लागतो. मग पुन्हा फोटो, पुन्हा तार. आणि काका, तुमचा फुगा मला अवघड आहे. ह्याचं तोंड रुंद आहे, तार बाहेर सरकू शकते. ती अडवायला धमनीत जाळी बसवावी लागेल, मग रक्त पातळ करायच्या गोळ्या. आणि हे बघा, इथून एक फांदी निघालीय. तिला सांभाळून काम करायचं तर उघड्या डोळ्यांनी बघून केलेलं बरं. असे फुगे सरांनी आयुष्यभर बांधलेत.”

“काहीच न करायचं कौतुक कोण करणार?” शालन मधेच म्हणाली. “तो तिसरा पैलवान हाय की.”

मी चाटच पडलो. बाई मैदानात कधी येत नाही, पण जोड बरोबर ओळखली तिनं.

“मी करते,” मुजावर डॉक्टर म्हणाल्या. “छोटा फुगा असेल, माणूस थकलेला असेल, तर वाट बघणंच शहाणपणाचं. वर्षाला शंभरात एखादाच फुटतो. पण काकी, त्याआधी मला एक सांगा. घरात कुणी असं अचानक गेलंय का? डोकं दुखायचं निमित्त होऊन?”

शालन माझ्याकडं बघायला लागली. मी जमिनीकडं.

“माझा थोरला भाऊ,” मी म्हणालो. “सर्जेराव. पण तो डोकेदुखीनं नाही गेला. कुस्तीत गेला.”

त्या दिवशीचं सगळं मग त्यांना सांगावं लागलं. हिवरगावची चैत्रातली जत्रा. सर्जादादा पंचक्रोशीत एक नंबरचा पैलवान, आणि मी नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा. शेवटची मोठी कुस्ती सोनवड्याच्या आकाराम मुळीकशी. आकारामनं दादाला खाली घेतलं, मानेवर घुटना ठेवला आणि पलटी मारायला लागला. दादाची पाठ मातीला लागली, आणि दादा परत उठलाच नाही. आमच्या आबांनी निवेदकाच्या हातातला माईक हिसकावला आणि सगळ्या मैदानासमोर ओरडले, “ह्या आकारामनं माझ्या पोराचा जीव घेतला! ह्याला सोडू नका!” लोकांनी आकारामला मारत मारत गावाबाहेर घालवलं. आबांनी चिरफाड करू दिली नाही, आणि पोलिसांनीही मग कुस्तीतला अपघात म्हणून विषय मिटवला. आकाराम त्या वर्षी राज्याच्या स्पर्धेत, गादीवरच्या कुस्तीला उतरणार होता. त्या दिवसापासून त्यानं पुन्हा लंगोट बांधला नाही. पुढं ट्रक चालवायला लागला म्हणतात. आमच्या गावात त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही.

“त्या दिवशी सकाळी त्यांना काही होत होतं का?” मुजावर डॉक्टरांनी विचारलं.

अंगावर सरकन काटा आला माझ्या. कारण होत होतं. आणि ते मी आणि आबा सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

“सकाळी गोठ्यात बसला होता. अंधारात. डोक्याला फडकं बांधलेलं. मला म्हणाला, हिंद्या, कुणीतरी डोक्यात कुऱ्हाड घातल्यागत झालंय. उजेड बघवंना. एकदा ओकलापण. मान वळवली की कळ निघत होती. मी आबांना जाऊन सांगितलं तर आबा म्हणाले, मोठ्या कुस्तीआधी भल्याभल्यांची मान आखडती.”

दोघा डॉक्टरांनी एकमेकांकडं बघितलं. मेहेंदळे खुर्ची ओढून माझ्या जवळ बसले.

“हिंदुराव, चिरफाड झाली नाही, त्यामुळे शपथेवर कुणीच सांगू शकणार नाही. पण तुम्ही जे सांगताय ना, ते पुस्तकात लिहिलेलं असतं तसंच आहे. असले फुगे काही घरांत भावाभावांना असतात. त्यांचा फुगा बहुतेक त्या सकाळीच गळायला लागला होता. मैदानात उतरण्याआधीच.”

“म्हणजे आकारामचा घुटना...”

“घुटन्यानं असं डोकं सकाळीच कसं दुखेल?”

इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट माझ्या टकुऱ्यात शिरली नव्हती. दादाची आठवण काढून कितीदा रडलो असेन, पण त्या वेळी आला तसला हुंदका कधी आला नव्हता. शालननं माझा हात धरला. डॉक्टर लोक खिडकीबाहेर बघत बसले.

“आता वाट बघणं हा तिसरा पैलवान बाद,” मुजावर डॉक्टर हळू म्हणाल्या. “घरात असं झालेलं असलं की फुटायचा धोका वाढतो.”

“मला एक घोषणा करायचीय,” मी डोळे पुसून म्हणालो. “आमच्या मैदानात, येत्या चैत्रात. तेवढी होईस्तोवर वाचा शाबूत पाहिजे. आता सांगा, कुठली रीत?”

मेहेंदळे म्हणाले, “फक्त चैत्रापर्यंतचंच बघायचं असेल, तर तार. मी डाव्या बाजूला, वाचेच्या जागेजवळ काम करणार. तुम्ही शुद्धीवर आल्यावर शब्द अडकू शकतात. काही दिवस, काही महिने. क्वचित कायमचे. हे लपवणार नाही.”

मी तारेलाच हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण शालन उभी राहिली.

“कसली घोषणा करायचीय ते मला कळतंय,” ती म्हणाली. “सोनवडं काय लंडनला न्हाई. जाऊन सांगा त्यांच्या घरी.”

“शब्द मैदानात गेलाय, शालन. घरात जाऊन कसा परत येईल?”

“बरं. मग मैदानात सांगा. पण एका वाक्यापुरतं जगणार हाय काय तुम्ही? वाक्य बोलून झालं, की मग? माझं काय? दर वर्षी फुगा भरला का, तार सरकली का, म्हणत पुण्याच्या वाऱ्या करू? मला तुमची पुढची सगळी वर्सं पायजेत. कटकटीसकट.” मग ती डॉक्टरीणबाईंकडं वळली. “पोरी, तुझा बाप असता तर?”

मुजावर डॉक्टरांनी पडद्यावरच्या चित्राकडं परत एकदा बघितलं. आपल्या हातचं काम दुसऱ्याला देणं कुणालाही जड जातं. “सरांच्या टेबलावर ठेवला असता,” त्या म्हणाल्या. “दुसरा एखादा फुगा असता तर नसता ठेवला. हा ठेवला असता.”

मला आणखी काय पाहिजे होतं? समोरच्या पैलवानानंच हात वर केला होता. “गुणांवरची कुस्ती नको मग,” मी मेहेंदळ्यांना म्हणालो. “चितपट करा.”

शस्त्रक्रिया मार्गशीर्षात झाली. मी डोळे उघडले तेव्हा पहिल्यांदा शालन दिसली. तिला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि म्हणालो, “हलगी.”

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. ती हसली. मी परत म्हणालो, “हलगी, हलगी!” आणि माझं मलाच कळलं की चुकतंय, तरी दुसरा शब्द येईना. तेव्हा तिचं हसू मावळलं. मेहेंदळ्यांनी फोटो दाखवला, चिमटा अगदी चोख बसलाय, फुग्याची मान आवळलीय, आता तो आयुष्यात डोकं वर काढणार नाही. वाचा येईल म्हणाले, सूज उतरेल तशी. मी मान डोलावली. मनात म्हटलं, कुस्ती जिंकली आणि निवेदकच मुका झाला.

पण शालन म्हणजे शालन. घरी आणल्यावर तिनं माझी अशी तालीम घेतली की कुठल्या वस्तादानं घेतली नसेल. सकाळी उठल्या उठल्या ताटली दाखवायची, “हे काय?” मी म्हणायचो, “बैल.” ती म्हणायची, “बैलात जेवणार हाय काय?” आणि मला हसू फुटायचं. हसता हसता शब्द सुटायला लागले. संक्रांतीपर्यंत घरातलं सगळं आलं, शिमग्यापर्यंत गावातलं. “शालन” हा शब्द आला त्या दिवशी ती चुलीपाशी बसून पदरात तोंड घालून रडली आणि वर मलाच म्हणाली, “धूर झालाय.”

नावं मात्र दगा द्यायची. जिभेच्या टोकावर येऊन बसायची, पण उडी मारायची नाहीत. आणि त्यातलं एक नाव तर काही केल्या निघेना. आ... आ... आणि पुढं भिंत. शालन रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसायची, “म्हणा, आकाराम.” मी म्हणायचो, “आ...” घाम फुटायचा. चैत्र तोंडावर आला तरी तेच.

“मी बोलू माईकवर?” ती म्हणाली.

“तू?” मी म्हणालो. “मैदान पळून जाईल.”

त्याच आठवड्यात ती नारळ आणि सुपारी घेऊन एस. टी.नं सोनवड्याला गेली. एकटी. काय बोलली, कशी बोलली, तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाली, “आखाडापूजनाला बोलावलंय म्हटलं. आकाराम सोता दाराआड उभं ऱ्हाऊन ऐकत हुते. येतील का न्हाई, देव जाणे.”

जत्रेच्या दिवशी उन्हं कलली तरी आकारामचा पत्ता नव्हता. आखाडापूजन दुसऱ्याच्याच हातून झालं. मी भगवा फेटा बांधून माईक घेतला. लहान पोरांच्या कुस्त्या झाल्या, मधल्या गटाच्या झाल्या. मी हळूहळू, जपून बोलत होतो. लोक सांभाळून घेत होते. शेवटची मोठी कुस्ती लागायची वेळ आली, तेव्हा शालननं बायकांच्या बाजूनं मला हात केला. मैदानाच्या कडेला, चिंचेखाली, एक उंच म्हातारा उभा होता. वाकलेला, धोतर आणि पांढरी टोपी. कान कुस्तीगिराचे, मोडलेले. आत येत नव्हता आणि जातही नव्हता.

मी हलगीवाल्याला हातानं थांबवलं.

“मंडळी,” मी म्हणालो, “शेवटच्या कुस्तीआधी एक जुनी कुस्ती. याच मातीतली. माझा भाऊ सर्जेराव त्यात गेला. तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल.”

पुढच्या रांगेतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

“माझ्या वडलांनी याच माईकवर सांगितलं, की समोरच्या पैलवानानं जीव घेतला. ते दुःखानं बोलले. पण ते खरं नव्हतं.” मी डोक्यावरचा फेटा काढला. डाव्या बाजूला कपाळापासून कानापर्यंत वण होता, केस अजून नीट आले नव्हते. “हे बघा. जे दुखणं माझ्या डोक्यात निघालं, तेच त्याच्या डोक्यात होतं असं डॉक्टर सांगतात. माझं वेळेवर सापडलं. त्याचं त्या दिवशी सकाळीच फुटायला लागलं होतं. डोक्याला फडकं बांधून अंधारात बसला होता, मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी. तशा डोक्यानं तो मातीत उतरला. असला वाघ होता माझा भाऊ. त्याला कुस्तीनं मारलं नाही. आणि त्याच्याशी लढला त्यानंही मारलं नाही. त्या पैलवानाचं नाव...”

“आ,” मी म्हणालो. “आ...”

भिंत. समोर हजारो माणसं, माझ्या तोंडाकडं बघत.  शालन उठून उभी राहिली होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, पण त्यानं काय होणार? चिंचेखालचा म्हातारा पाठ फिरवायला लागला.

तेव्हा मला माझं काम आठवलं. आम्ही नाव कधी आधी घेतो? नाव सगळ्यात शेवटी येतं. मी डोळे मिटले आणि जन्मभर जसं म्हणत आलो तसं, मैदानाच्या चालीवर, पोटातनं आवाज काढला.

“सोनवडे गावचा! गणू वस्तादांच्या तालमीचा पठ्ठा! धोंडिबा मुळीकांचा चिरंजीव! घुटन्याचा बादशहा! पैलवान, आकाराम, धोंडिबा, मुळीक!”

आलं! एखादा अडलेला गाडा उतारावर सुटावा तसं नाव आपोआप निघालं. मला भरून आलं, पण थांबलो नाही. थांबलो असतो तर परत अडकलो असतो.

“मंडळी, त्या कुस्तीचा निकाल जाहीर व्हायचा राहिलाय! पाठ लागली होती, मी बघितलं होतं, पंचांनी बघितलं होतं. माईक हिसकावला गेला, म्हणून निकाल दिला नाही. तो मी आज देतोय. घुटना डावावर, चितपट, विजयी पैलवान, आकाराम मुळीक!”

हलगी कडाडली. हलगीवाला कोवळा पोरगा, पण काय वाजवली त्यानं! लोकांनी टोप्या उडवल्या, शिट्ट्या मारल्या. चिंचेखालून म्हाताऱ्याला चार पैलवानांनी हाताला धरून आणलं. तो मातीच्या कडेला थांबला, वाकला, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि मगच आत आला. मी माझा फेटा त्याच्या डोक्यावर बांधला.  मग त्याचा उजवा हात धरून वर केला आणि त्याला सगळ्या मैदानाची फेरी घडवली. जी फेरी त्या दिवशी राहिली होती ती. तो हमसून रडत होता आणि चालत होता, आणि चालता चालता त्याची पाठ सरळ होत गेली.

फेरी संपली तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. 

“निकाल द्यायला लई येळ लावलास, हिंदुराव,” तो म्हणाला.

“निवेदक आजारी होता, नाना,” मी म्हणालो.

आज ह्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. माझा चिमटा जागेवर आहे आणि माईकही. दर चैत्रात आकारामनाना मैदानात पहिल्या रांगेत बसायचे, तीच जागा, तोच भगवा फेटा. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या पोरानं सांगितलं, फेटा त्यांच्या डोक्यावर बांधूनच त्यांना नेलं.